कुणाचंच नसलेलं कापड

आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या कपाटाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण आम्ही सगळे त्याला ‘खादाड’ म्हणायचो. माणसाच्या उंचीचं पोलादी कपाट, आत चारही बाजूंना जांभळट नळ्या. इस्पितळातून आलेला झगा किंवा चादर आधी टायटॅनियमच्या नॅनोकणांच्या पाण्यातून काढायची. ते पाणी दिसायला तांदळाच्या धुवणासारखं, पण त्यातले कण इतके बारीक की थेट धाग्याच्या अंगात जाऊन बसतात. मग कापड वाळवून कपाटात टांगायचं आणि अतिनील प्रकाश सोडायचा. प्रकाश स्वतः तर विषाणूला मारतोच, शिवाय तो लागला की ते कणही जागे होतात आणि कापडाला चिकटलेलं जे असेल त्याचे तुकडे पाडतात. विषाणू, बुरशी, घाम, काहीही. खादाडला आवडनिवड नव्हती.

आमचे साहेब सुर्योनो, आदराने पाक सुर्योनो, यांना त्याचा भारी अभिमान. पाहुणे आले की ते गाडीच्या ड्रायव्हरचा दिवसभर घातलेला मोजा मागून घ्यायचे, त्याला खादाडच्या पोटातून फिरवून आणायचे आणि पाहुण्यांच्या नाकाखाली धरायचे. “घ्या, घ्या वास!” पाहुणे बिचारे डोळे घट्ट मिटायचे आणि मग उघडायचे. वासच नाही. घामाचा नाही, साबणाचाही नाही. मी मागे उभी राहून हसायचे. वास नसणं ही मिरवायची गोष्ट आहे असं तेव्हा मलाही वाटायचं.

साथीच्या वर्षी हसण्याजोगं फारसं उरलं नाही. माझी धाकटी बहीण वेनिंग आमच्याच जोग्जा शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. साथीच्या वॉर्डातल्यांना घरी जायची बंदी, म्हणून ती समोरच्या हॉस्टेलात राहायला गेली. नवरा मालवाहू जहाजावर. बंदरं बंद पडल्यामुळे तो कुठल्याशा समुद्रात घिरट्या घालत होता. राहिली तीन वर्षांची गेन्डिस, ती माझ्याकडे आली. मी तिची बुदे, म्हणजे मोठी मावशी. मी लग्न केलं नाही, पोरं वाढवली नाहीत, आणि एकाएकी हे एवढंसं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

जाताना वेनिंगने बॅगेत कपड्यांबरोबर तिचं जारिक घातलं. तपकिरी बाटिकचं लांब कापड, कडेला विरलेलं. गेन्डिस जन्मल्यापासून त्याचीच झोळी खांद्यावरून घेऊन ती पोरीला कमरेवर बांधायची.

“ते कशाला नेतेस?” मी म्हटलं. “तिथे कोणाला कमरेवर बसवणार आहेस? डॉक्टरला?”

“हिचा वास आहे त्याला,” ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावून टाकली.

रोज ड्युटी संपली की तिचा व्हिडिओ फोन यायचा. पहिले काही दिवस गेन्डिस फोनच्या मागे डोकावून इबू, म्हणजे आई, कुठे बसली आहे ते बघायची. मागे कुणीच नसायचं. मग ती हिरमुसून निघून जायची आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींची थोबाडं बघत राहायचो.

“म्बाक, तिची टाळू हुंग ना माझ्यासाठी,” वेनिंग म्हणायची. म्बाक म्हणजे ताई. आमच्याकडे लेकरांचे मुके घेत नाहीत, लेकरं हुंगतात.

“मी काय तुझी मोलकरीण आहे? ये आणि हुंग.”

“हुंग ना गं. मला बघू दे.”

मग मी पोरीला पकडायची, टाळूवर नाक टेकवायची आणि सोडून द्यायची. पोस्टातला कारकून शिक्के मारतो तशी. हुंगायचं काय त्यात, असं मला वाटायचं. मला भात लावायचा असायचा.

मग गेन्डिसला ताप आला. तपासणी करून घेतली, ती साथ नव्हती. साधाच ताप, पण उतरेना. मी कायुपुतीचं तेल पोटाला चोळलं, पेज भरवली, ती तिने माझ्याच अंगावर काढली. शेजारच्या आजी, म्बाह पोनिराह, तोंडाला फडकं बांधून कुंपणापलीकडून ओरडल्या, “आईच्या अंगावरचं न धुतलेलं कापड घाल की पोरीवर! तुझ्या आईने तुम्हा दोघींवर घातलेलं मी पाहिलंय. शिकून विसरलीस होय?”

विसरले नव्हते. प्रयोगशाळेत पगार घेणाऱ्या बाईने असल्या गोष्टींना हसायचं असतं, पण माझ्या घरात वेनिंगचं एकही न धुतलेलं कापड नव्हतं. भीतीपोटी मीच सगळं उकळत्या पाण्यातून काढलं होतं. मी फोन लावला.

वेनिंगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “जारिक पाठवते.”

“दुसरं काही पाठव. ते घेऊन तू झोपतेस ना?”

“म्हणूनच. त्यातच मी जास्त आहे.”

इस्पितळाचे झगे आणणाऱ्या गाडीतून जारिक आलं, पिशवीत बंद करून. इस्पितळातून आलेली कुठलीही चिंधी खादाडमधून गेल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही, असा आमच्याकडे नियम होता. तशी पाटीच होती दारावर, माझ्याच अक्षरात. मी हातमोजे घालून जारिक नॅनोकणांच्या पाण्यातून काढलं, वाळवलं, कपाटात टांगलं. घडीत प्रकाश शिरत नाही, सावलीत विषाणूचं फावतं, म्हणून मधूनमधून प्रकाश बंद करून ते नीट उलटंपालटं केलं. इतकी काळजी मी एकाही झग्याची घेतली नसेल. संध्याकाळी ते छातीशी धरून घरी आणलं.

गेन्डिसने ते ओळखलं. डोळे चमकले तिचे. दोन्ही हातांनी ओढून तिने तोंड त्यात खुपसलं. मग कापड उलटं केलं, दुसऱ्या बाजूने खुपसलं. मग माझ्याकडे बघितलं.

“हे कुणाचं?”

“इबूचं. आणखी कुणाचं?”

“नाही,” ती म्हणाली. “हे कुणाचंच नाही.” आणि ढकलून दिलं.

मी जारिक उचलून नाकाला लावलं. ड्रायव्हरच्या मोज्यासारखंच. काही म्हणजे काही नव्हतं. आमचं कपाट वास खातं हे मला मोज्याच्या बाबतीत ठाऊक होतं, जारिकच्या बाबतीत सुचलंच नाही. अशी चूक आमच्याच खात्यात होऊ शकते. साधी धोबीण असती तर तिने आधी विचारलं असतं, बाई, हे धुवायचं आहे का?

मी हट्टाला पेटले. एका सुट्टीला दुपारभर ते जारिक स्वतःच्या अंगाला गुंडाळून खिडकीशी बसले, निदान घरच्या माणसाचा तरी वास लागू दे म्हणून. घामाने निथळले, संध्याकाळी हुंगून पाहिलं तर कापड कोरंच. कण धाग्यात बसलेले, खिडकीतून ऊन आलं की पुन्हा कामाला लागत होते. त्या कापडाला आता कुणी लागणारच नव्हतं.

सुंठीवाचून खोकला जावा तसा ताप आपोआप उतरला. झोप मात्र आली नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची, डोळे उघडे. आणि त्याहून वाईट म्हणजे तिने इबूचं विचारायचं सोडलं. फोन वाजला की खाटेखाली जाऊन बसायची. मी पाय धरून ओढायची, ती खाटेचा पाय धरून ठेवायची. पलीकडून वेनिंगला फक्त फरशी दिसायची. ही आईला विसरत चालली आहे, हे मला कळत होतं आणि वेनिंगलाही कळत होतं. आम्ही दोघी ते सोडून बाकी सगळं बोलायचो.

शेवटी मी तिला जारिकचं सांगून टाकलं.

“त्यात हिचापण वास होता, म्बाक.”

“माहीत आहे.”

“तोपण गेला?”

“दोघींना एकाच घासात खाल्लं मेल्याने.”

ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडायला आम्हा दोघींना छान येतं. तिने फक्त, “बरं, झोप आता,” म्हणून फोन ठेवला. तेव्हा उन्हं डोक्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मी पाक सुर्योनोंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“पाक, कपाटात न घालता कापडावरचा विषाणू मरतो का हो?”

“मरतो की. बंद करून नुसतं ठेवलं तर काही दिवसांत आपोआप मरतो. पण इस्पितळाला थांबायला वेळ कुठे आहे? म्हणून तर आपली भाकरी चालते, लास्मी.”

“आणि वास?”

“कसला वास?”

“माणसाचा. तो किती दिवस राहतो?”

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “ते कुणी मोजलेलं नाही,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी माझं घर, पोरगी, बहीण, सगळं विचारून घेतलं, आणि सांगितलं की वॉर्डातलं काही नको, हॉस्टेलच्या खोलीतलं चालेल, आणि सांगतो त्याच्या दुप्पट दिवस थांब. मोज्याचा खेळ त्यांनी त्यानंतर पाहुण्यांना दाखवला नाही.

वेनिंगने झोपताना नेसायचं साधं सारोंग पाठवलं. पिशवी तशीच बंद ठेवून मी ती सणाच्या बिस्किटांच्या डब्यात घातली, वरून चिकटपट्टी लावली आणि डबा घरातल्या कपाटावर ठेवून दिला. दुप्पट सांगितले होते, मी त्याहून जास्त थांबले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

गेन्डिस खालून डब्याकडे बघायची. “त्यात काय आहे, बुदे?”

“इबू आहे.”

“खोटं. त्यात पापड्या असतात.”

तिचं खरं होतं. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं कुणाच्याच घरी नसतात, तांदळाच्या पापड्याच असतात. तरी ती रोज जेवण झालं की येऊन खाली उभी राहायची, आणि एकदा मी भांडी घासत असताना तिने डब्याला विचारलेलं मी ऐकलं, “इबू, तू आत आहेस?”

डबा उघडला त्या दिवशी मी आधी स्वतः नाक घातलं. इस्पितळाचा उग्र साबण होता, केसांचं तेल होतं, दमलेल्या बाईचा घाम होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी वेनिंग होती. लहानपणी एकाच चटईवर माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची तीच. माझे डोळे भरून आले. इतकी आठवण मला येत होती हे मला तोवर माहीत नव्हतं. गेन्डिसने ते माझ्या हातातून हिसकावलं, गोळा करून पोटाशी धरलं आणि तिथेच फरशीवर, ताटाशेजारी, झोपून गेली.

मग तसंच सुरू झालं. एक सारोंग पोरीच्या हातात, दुसरं डब्यात थांबलेलं, तिसरं वेनिंगच्या अंगावर. आमच्या घरी येणारी वेनिंग नेहमी शिळी असायची. ती फोनवर हसत असायची तेव्हा आमच्या हातात तिची मागची रडवेली दुपार असायची. पण पोरगी खाटेखालून बाहेर आली. फोनवरच्या बाईला सारोंगचं टोक दाखवून म्हणायची, “तुझं माझ्याकडे आहे.” वेनिंग हसायची आणि मला म्हणायची, “म्बाक, टाळू.” मी शिक्का मारायची.

एका सकाळी ड्रायव्हर झग्यांचा गठ्ठा उतरवून रिकाम्या हाताने माझ्यासमोर उभा राहिला.

“पिशवी?” मी विचारलं.

“सिस्टर वेनिंग वॉर्डात आहेत, म्बाक.”

“मग? रोजच असते.”

“ड्युटीवर नाही,” तो म्हणाला. “खाटेवर.”

तिचे फोन बंद झाले. तिथली दुसरी एक नर्स निरोप द्यायची. आज ऑक्सिजन वाढवला, आज तेवढाच आहे. गेन्डिसच्या हातातल्या सारोंगचा वास विरत चालला होता, आता त्याला पेजेचा आणि माझ्या घराचाच वास जास्त यायचा. डब्यात एक होतं. त्याचे थांबायचे दिवस केव्हाच भरले होते, पण मी डब्याला हात लावत नव्हते. वेनिंगचं काही बरंवाईट झालं, तर एवढंच उरणार होतं. उघडलं की ते खर्च होणार, आणि बंद ठेवलं तर निदान आहे असं म्हणता येणार होतं.

गेन्डिस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. मधेच उठून डब्याकडे बोट दाखवायची. मी म्हणायची, “उद्या.”

हे कुंपणापलीकडून म्बाह पोनिराहंना कसं कळलं कोण जाणे. त्यांना सगळंच कळतं. “कुणासाठी जपून ठेवतेस गं?” त्यांनी विचारलं.

“पोरीसाठीच की.”

“मग पोरीला दे.”

“आणि म्बाह, तिकडे वेनिंगला जर...”

“ते तोंडातून बाहेर काढू नकोस! घरात जा, झाकण काढ. आईचा वास पोरीने नाही घ्यायचा तर काय तुझ्या कपाटाने घ्यायचा?”

मी घरात गेले आणि झाकण काढलं. गेन्डिसने सारोंग डोक्यावरून ओढून घेतलं आणि आत दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आतून तिचा घोरण्याचा बारीक आवाज यायला लागला. मी रिकाम्या डब्यात नाक घातलं. तळाशी काही राहिलं असेल म्हणून. डब्याला पापड्यांचा वास येत होता. तो डबा मांडीवर घेऊन मी पोटभर रडले.

वेनिंग वाचली. हे मी एका वाक्यात सांगते, पण ते दिवस एका वाक्यात गेले नाहीत.

ती आली तेव्हा सकाळची वेळ होती. केस कानापर्यंत कापलेले, गालांची हाडं वर आलेली. अंगाला इस्पितळाचा साबण आणि बाकी काहीच नाही. गेन्डिस माझ्या मागे लपली. वेनिंग उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केले. पोरगी हळूहळू जवळ गेली, तिच्या हाताजवळ नाक नेलं, हुंगलं आणि मागे सरली.

“ही इबू नाही,” ती मला म्हणाली. हातातलं सारोंग उंच धरलं. “इबू ही.”

मी काहीतरी खेकसणार होते, पण वेनिंगने मला हाताने गप्प केलं. “बरोबर आहे तिचं,” ती म्हणाली. मग गेन्डिसला अगदी अदबीने विचारलं, “मला जरा तुझ्या इबूचा वास देशील?”

गेन्डिसने विचार करून एक टोक दिलं, दुसरं सोडलं नाही. वेनिंगने ते नाकाला लावलं. पुन्हा लावलं. तिच्या तोंडावरचे भाव मी आधी पाहिले होते. मोजा हुंगणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडावर.

“म्बाक, मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“वास. कशाचाच. आजारात गेला. डॉक्टर म्हणतात येईल परत. म्हणजे, बहुतेकांना येतो.”

इतके महिने ही बाई त्या एका टाळूसाठी जगली होती.

“ते जारिक कुठे आहे?” तिने विचारलं. “खादाडने खाल्लेलं?”

“पेटीत टाकलंय तळाला. कशाला हवंय ते? त्यात कुणी नाही.”

“आण. मला आता सगळं सारखंच.”

मी आणलं. तिने ते झटकून खांद्यावरून घेतलं, कमरेवर रिकामी झोळी बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीवरची पेज ढवळायला लागली. पोरीला बोलावलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. एका पायावर भार, मग दुसऱ्या, कंबर हलकेच डुलत होती. पोर कमरेवर असल्यागत ती डुलत राहिली. गेन्डिस दाराशी उभी राहून त्या रिकाम्या झोळीकडे बघत होती. मग ती तिच्याजवळ गेली, सारोंग दाताने धरलं आणि दोन्ही हात वर केले.

पेज करपली. कुणी चुलीकडे पाहिलं नाही.

दुपारी पोरगी झोळीतच झोपली होती, एका मुठीत सारोंग. वेनिंग भिंतीला टेकून बसली होती. तिने खाली वाकून नाक टाळूवर टेकवलं, छाती भरून श्वास घेतला आणि तशीच थांबली. मग पुन्हा घेतला.

“म्बाक,” ती म्हणाली, “कसा येतो गं? तू सांग ना मला.”

इतके महिने मी ती टाळू हुंगत होते आणि मला सांगता येईना. मी तिच्याजवळ सरकले. शिक्का मारायचा नव्हता या वेळी. डोळे मिटले, गेन्डिसच्या घामेजल्या केसांत नाक टेकवलं आणि सावकाश श्वास घेतला. कायुपुतीचं तेल आलं. पेज आली. आणि त्याखाली, इतक्या रात्री ज्या सारोंगांत पोरगी झोपली त्यांतून तिच्या केसांत उतरलेली तीच, लहानपणी एकाच चटईवर माझ्या पाठीला पाठ लावून झोपणारी.

“तुझा,” मी म्हटलं. “वेनिंग, तुझाच वास येतोय गं हिला.”